तीन सेकंदांची ताकद: मॉडेल विमानाच्या स्टार्टरसाठी बॅटरी कशी निवडावी

मॉडेल विमान मैदानावर मांडले, टाकीत इंधन भरले, ग्लो प्लगला क्लिप लावली, स्टार्टरचा रबरी कप स्पिनरवर टेकवून बटण दाबले आणि प्रोपेलर अर्धा फेरा घेऊन अडखळला, की नवशिक्याचा पहिला संशय इंजिनावर जातो. मग नीडल उघडली जाते, परत बंद केली जाते, प्लग बदलला जातो, इंधन जुने झाले असेल अशी चर्चा होते. पुष्कळदा इंजिन निर्दोष असते. दोष असतो शेजारी ठेवलेल्या फिल्ड बॉक्समधल्या बॅटरीत, आणि त्याहूनही जास्त, ती बॅटरी ज्या हिशेबाने विकत घेतली त्या हिशेबात.

दुकानात बॅटरी मागताना आपण दोन आकडे सांगतो: किती व्होल्टची आणि किती अँपिअर-अवरची. घरातल्या इन्व्हर्टरसाठी एवढे पुरते. स्टार्टरचे काम वेगळे आहे. त्याला तासभर चालायचे नसते. दोन-तीन सेकंद चालायचे असते, पण त्या दोन-तीन सेकंदांत प्रचंड करंट लागतो. म्हणून या प्रकरणात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा आहे: भार पडल्यावर ही बॅटरी किती व्होल्ट टिकवून धरते?

इंजिनाला काय हवे असते

ग्लो इंजिनात स्पार्क नसतो. अमेरिकेतल्या रे आर्डेन यांनी 1947 मध्ये बाजारात आणलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. बाहेरून साधारण दीड व्होल्ट दिले की ते लालभडक तापते. इंधनातले मिथेनॉल प्लॅटिनमच्या सान्निध्यात आल्यावर होणारी उत्प्रेरक क्रिया आणि ज्वलनाची उष्णता यांच्या जोरावर ते पुढे आपोआप तापलेले राहते. म्हणून इंजिन चालू झाल्यावर प्लगची क्लिप काढून घेता येते.

अडचण असते ती पहिल्या काही फेऱ्यांची. इंजिन हळू फिरवले तर कार्ब्युरेटरमधून पुरेसे इंधन ओढले जात नाही, पिस्टनच्या बाजूने दाब निसटतो आणि दाबलेल्या मिश्रणाची उष्णता थंड सिलिंडरच्या भिंतीत विरून जाते. बोटाने किंवा काठीने प्रोपेलरला झटका देणारे जुने एरोमॉडेलर हे सगळे मनगटाच्या सवयीने साधत असत, आणि एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकलेल्या अनेकांनी ती सवय कमावलेली असते. इलेक्ट्रिक स्टार्टर हेच काम बोटे सुरक्षित ठेवून करतो, मात्र प्रोपेलर वेगाने फिरला पाहिजे. नायट्रोमिथेन न घातलेल्या, म्हणजे फक्त मिथेनॉल आणि तेलाच्या इंधनावर इंजिन सुरू करताना या वेगाची गरज जास्तच जाणवते.

0.40 घनइंचाचे, म्हणजे साडेसहा सीसीचे इंजिन हाताने फिरवून पाहा. बराचसा फेरा सहज फिरतो. पिस्टन वर येताना मात्र एक कडक अडथळा लागतो. स्टार्टरला प्रत्येक फेऱ्यात हा कॉम्प्रेशनचा उंबरठा ओलांडायचा असतो. खरी कसोटी पहिल्या उंबरठ्याची, कारण तेव्हा मोटरला अजून गती आलेली नसते.

मोटर किती करंट ओढते

हातात धरायचा नेहमीचा स्टार्टर म्हणजे कायम चुंबकाची, ब्रशवाली, 12 व्होल्टची डीसी मोटर. तिचे दोन नियम लक्षात ठेवले की पुढचे सगळे उलगडते. पहिला, मोटरची पिळण्याची ताकद करंटच्या प्रमाणात असते. दुसरा, फिरणारी मोटर स्वतःच जनरेटरसारखे उलट व्होल्टेज तयार करते आणि ते वेगाच्या प्रमाणात वाढते. मोटर मोकळी फिरत असेल तर हे उलट व्होल्टेज जवळजवळ बॅटरीइतके होते आणि करंट थोडाच वाहतो. मोटर थांबलेली असेल तर उलट व्होल्टेज शून्य असते. तेव्हा करंटला अडवायला मोटरच्या वेटोळ्याचा, वायरचा आणि बॅटरीच्या पोटातला रोध एवढेच उरते.

समजा, मोटरचा रोध 0.1 ओहम आहे आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज 12.6. बॅटरीचा अंतर्गत रोध 25 मिलिओहम असेल तर अडलेल्या क्षणी 100 अँपिअर करंट वाहू शकतो. तीच बॅटरी जुनी होऊन तिचा अंतर्गत रोध 100 मिलिओहम झाला, तर हा आकडा 63 वर येतो. पहिला उंबरठा ओलांडण्याची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटली.

आता मोटर फिरू लागली आणि कॉम्प्रेशनविरुद्ध फिरत राहायला तिला 50 अँपिअर लागतात असे धरू. चांगल्या बॅटरीत 1.25 व्होल्ट आतच खर्च होतात आणि मोटरच्या वेटोळ्यात 5 व्होल्ट जातात. वेगासाठी उरतात 6.35 व्होल्ट. जुन्या बॅटरीत आतच 5 व्होल्ट जातात, वेटोळ्यात आणखी 5, आणि वेगासाठी उरतात फक्त 2.6. म्हणजे प्रोपेलरचा वेग चांगल्या बॅटरीच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी. भार नसताना मल्टिमीटर लावून पाहिले तर दोन्ही बॅटऱ्या 12.6 व्होल्टच दाखवतात. म्हणून नुसते व्होल्टेज मोजून बॅटरी पास करणे हा या कामातला सर्वांत फसवा सोपेपणा आहे.

अँपिअर-अवरचा भ्रम

करंट एवढा मोठा म्हणजे बॅटरीही मोठी हवी, असे मनात येणे स्वाभाविक आहे. पण हिशेब करून पाहू. 50 अँपिअर, 3 सेकंद. म्हणजे 150 अँपिअर-सेकंद. तासात 3600 सेकंद असतात, म्हणून एका स्टार्टला साधारण 0.04 अँपिअर-अवर खर्च होतो. 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीची निम्मीच क्षमता हाती लागली असे धरले तरी तिच्यात ऐंशी स्टार्ट मावतात. एका सकाळच्या उड्डाणांना एवढे कधीच लागत नाहीत.

निम्मीच क्षमता धरण्याला कारण आहे. लेड-ॲसिड बॅटरीवरचा 7 हा आकडा वीस तासांच्या संथ वापरासाठी दिलेला असतो: 0.35 अँपिअर, 20 तास. जलद उपसा केला तर तेवढा माल बाहेर येत नाही. पंगतीत भात भरपूर शिजलेला असावा आणि वाढपी एकच असावा, तशी ही स्थिती असते. जेवणारे खोळंबतात ते भात कमी म्हणून नव्हे. अँपिअर-अवर म्हणजे शिजलेला भात, अंतर्गत रोध म्हणजे वाढप्यांची संख्या. स्टार्टरसाठी बॅटरी घेताना वाढपी मोजायचे असतात.

बाजारातले पर्याय

फिल्ड बॉक्समध्ये वर्षानुवर्षे बसलेली बॅटरी म्हणजे 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड. साधारण 15 सेंटिमीटर लांब, साडेसहा सेंटिमीटर रुंद, वजन दोन ते अडीच किलो. संगणकाच्या छोट्या यूपीएसमध्ये हीच असते, त्यामुळे तालुक्याच्या गावातही मिळते. यूपीएसमध्ये तिला दोन-तीनशे वॅटचा भार काही मिनिटे पेलायचा असतो, म्हणजे वीस-तीस अँपिअर. त्यामुळे मोठ्या करंटची तिला सवय असते. 10 सीसीपर्यंतच्या इंजिनांना ती पुरेशी आहे. ती स्वस्त आहे, थोडे हाल सहन करते आणि तिच्यावर फिल्ड बॉक्समधला इंधनाचा पंपही चालतो. घेताना उत्पादनाची तारीख पाहावी. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून राहिलेली सीलबंद बॅटरी नवी नसते.

बाइकची सीलबंद बॅटरी हा दुसरा चांगला पर्याय. तिचे मूळ कामच इंजिन सुरू करणे, म्हणून 5 अँपिअर-अवरची बाइक बॅटरी स्टार्टरसाठी 7 अँपिअर-अवरच्या यूपीएस बॅटरीहून सरस ठरू शकते. फक्त बुचे उघडून पाणी भरायची जुनी जात टाळावी. फिल्ड बॉक्स गाडीत आडवा होतोच, आणि सांडलेले ॲसिड बॉक्सची लाकडी चौकटही खाते आणि कपडेही.

निकेल-कॅडमियमच्या दहा सेलचे पॅक एके काळी स्टार्टरच्या दांड्यातच बसवत. त्यांचा अंतर्गत रोध कमी, म्हणून ते कामाला उत्तम होते. पण कॅडमियम विषारी असल्याने ते मागे पडले आणि त्यांची जागा लिथियमने घेतली.

लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो. तीन सेलचा पॅक पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट देतो, म्हणजे 12 व्होल्टच्या स्टार्टरला नेमका. 2200 मिलिअँपिअर-अवरच्या पॅकचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. तो स्टार्टरच्या पाठीवर पट्ट्याने बांधता येतो, त्यामुळे लांब वायरच नाहीशी होते, आणि हा त्याचा मोठा फायदा आहे. पॅकवरचा सी आकडा पाहावा: 2200 मिलिअँपिअर-अवर आणि 25 सी म्हणजे 55 अँपिअर. छापील सी आकडे अनेकदा उदार असतात, म्हणून थोडी राखीव क्षमता हाताशी ठेवावी. 3000 मिलिअँपिअर-अवर, 30 सी म्हणजे 90 अँपिअर, हे 40 ते 60 आकाराच्या, म्हणजे 0.40 ते 0.60 घनइंचाच्या इंजिनांना निश्चिंत करणारे माप. क्षमतेची ऐंशी टक्के मर्यादा पाळली तरी 2200 च्या पॅकमध्ये चाळीसेक स्टार्ट मिळतात.

लिपो वापरणाऱ्याने एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. इलेक्ट्रिक विमानातला स्पीड कंट्रोलर पॅक उतरला की मोटर बंद करतो. स्टार्टरमध्ये असा राखणदार नसतो. तो पॅक पूर्ण उपसत राहतो, आणि सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. म्हणून बॅलन्स प्लगला छोटा व्होल्टेज अलार्म लावावा. उड्डाणातून निवृत्त केलेला, फुगलेला पॅक ‘स्टार्टरला चालेल’ म्हणून अजिबात वापरू नये. मोठा करंट आणि बिघडलेला सेल यांची गाठ आगीशी असते.

चौथा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेटचा. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी पाधी व नंजुंडस्वामी यांनी 1997 मध्ये या पदार्थाचे गुण जगासमोर मांडले. चार सेलचा पॅक 13.2 व्होल्टच्या आसपास राहतो आणि बराच उतरेपर्यंत व्होल्टेज फारसे ढळत नाही. लिपोच्या तुलनेत आगीचा धोका कमी, आयुष्य जास्त. शाळेच्या किंवा क्लबच्या सामाईक बॉक्ससाठी माझ्या मते हाच सर्वांत शहाणा पर्याय, एक खबरदारी घेऊन. यूपीएस बॅटरीच्या जागी बसणाऱ्या तयार आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांच्या आत संरक्षक सर्किट असते आणि त्याची मर्यादा अनेकदा 10-15 अँपिअरचीच असते. बटण दाबताच ते सर्किट करंट तोडते आणि स्टार्टर मुका होतो. बॅटरी खराब नसते. ती या कामासाठी बनलेलीच नसते. म्हणून बाइक सुरू करण्यासाठी बनवलेली, किंवा मोठा करंट देणाऱ्या सेलची बॅटरी घ्यावी, आणि कमाल करंटचा आकडा लेखी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वायर हाही बॅटरीचाच भाग

चांगली बॅटरी घेऊन घरातल्या दिव्याची उरलेली वायर जोडली, तर पैसे वाया गेले समजा. 1 स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रोध मीटरला 17 मिलिओहमच्या आसपास असतो. एक मीटर लांबीची जोडी म्हणजे जाणारी-येणारी मिळून दोन मीटर, 34 मिलिओहम. 50 अँपिअरला 1.7 व्होल्ट वायरमध्येच गेले. नव्या बॅटरीच्या स्वतःच्या रोधाहूनही ही गळती जास्त आहे. तीच वायर 4 स्क्वेअर एमएमची घेतली तर नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत येते. वायर जाड, बहुतारी आणि शक्य तितकी आखूड असावी. गंजलेल्या क्रोकोडाइल क्लिपऐवजी पक्के कनेक्टर डाख देऊन बसवावेत.

लाल आणि काळा रंग न चुकता पाळावा. उलट जोडणी झाली तर स्टार्टर उलटा फिरतो, इंजिन उलट्या दिशेने सुरू होऊ शकते आणि त्यात प्रोपेलरचा नट सैल होऊ शकतो. सैल प्रोपेलर असलेल्या इंजिनासमोर कोणीही उभे राहू नये.

प्लगचा प्रश्नही इथेच येतो. स्टार्टर आणि ग्लो प्लग एकाच बॅटरीवर चालवले, तर स्टार्टर दाबताच व्होल्टेज खाली येते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी प्लग मंदावू शकतो. म्हणून प्लगसाठी स्वतःचा 1.2 व्होल्टचा सेल असलेली ग्लो स्टिक वेगळी ठेवावी. लिपोचा एक सेलही प्लगला थेट लावू नये. दीड व्होल्टच्या तारेला चार व्होल्ट मिळाले की ती क्षणात जळते.

बल्बची चाचणी

अंतर्गत रोध मोजायला महागडे यंत्र लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट, 55 वॅटचा हॅलोजन बल्ब आणि साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा. मीटरची टोके थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा, क्लिपवर नको. आकडा लिहून ठेवा. मग बल्ब जोडा, पाच सेकंद थांबा आणि पुन्हा आकडा पाहा. हा बल्ब सुमारे 4.6 अँपिअर ओढतो. व्होल्टेज एक-दीड दशांश व्होल्ट उतरले तर रोध पंचवीस-तीस मिलिओहमच्या आसपास आहे, बॅटरी ठणठणीत. उतार अर्ध्या व्होल्टच्या जवळ गेला तर रोध 100 मिलिओहमच्या घरात पोचला. वरच्या हिशेबातली जुनी बॅटरी ती हीच. बल्बची काच काही सेकंदांत चटका देण्याइतकी तापते, तिला हात लावू नका.

अंतिम परीक्षा मात्र इंजिनावरच. एकाने विमान घट्ट धरावे, दुसऱ्याने स्टार्टर लावावा, तिसऱ्याने टर्मिनलवर मीटर धरून आकडा वाचावा. इंजिन फिरत असताना लेड-ॲसिड बॅटरी 10 व्होल्टच्या वर राहिली तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. हाच आकडा स्टार्टरच्या टर्मिनलवर पुन्हा घ्या. दोहोंतला फरक म्हणजे वायरची आणि क्लिपची गळती. पाच मिनिटांच्या या मोजणीने कोणती वस्तू बदलायची ते कळते, आणि नको ती खरेदी टळते.

जास्त ताकदीचा धोका

स्टार्टर कुचराई करतो म्हणून त्याला चार सेलचा लिपो जोडण्याचा मोह होतो. पूर्ण भरलेला पॅक 16.8 व्होल्ट देतो, म्हणजे 12 व्होल्टच्या दीडपटीला थोडे कमी. अडलेल्या मोटरमधला करंट त्याच प्रमाणात वाढतो आणि वेटोळ्यातली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे, जवळजवळ दुप्पट होते. ब्रश लवकर झिजतात, वेटोळ्याचा थर जळतो. काही स्टार्टर 12 ते 24 व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि त्यांच्यावर तसे छापलेले असते. मोठ्या फोर-स्ट्रोक इंजिनांना ते योग्य. ज्यावर फक्त 12 लिहिले आहे त्याला 12 च द्यावे.

त्याहून मोठे नुकसान इंजिनाचे होते. सिलिंडरमध्ये इंधन साचले असेल तर पिस्टनला वर जायला जागाच नसते, कारण द्रव दाबला जात नाही. हाताने फिरवणाऱ्याला ते लगेच जाणवते. ताकदवान स्टार्टरला ते कळत नाही, तो रेटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्टार्टर लावण्याआधी, प्लगची क्लिप जोडलेली नसताना, प्रोपेलर हाताने एक-दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावा. कडक अडला तर प्लग काढून इंधन बाहेर झटकावे. बॅटरी जितकी चांगली, तितकी ही सवय गरजेची.

पावसाळा आणि उन्हाळा

महाराष्ट्रात बॅटरीचा खरा शत्रू तिचा वापर नव्हे, तिची सुट्टी आहे. जूनमध्ये मैदाने चिखलाने भरतात आणि फिल्ड बॉक्स माळ्यावर जातो. शेवटच्या उड्डाणानंतर अर्धवट उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी चार महिने तशीच राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि अंतर्गत रोध वाढतो. दसऱ्याला बॉक्स खाली येतो तेव्हा चार्जर ‘फुल’ दाखवतो आणि स्टार्टर अडखळतो. उपाय साधा आहे: ठेवण्यापूर्वी पूर्ण चार्ज करा आणि दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 2 अँपिअरपेक्षा मोठा चार्जर नको. कायम जोडून ठेवणार असाल तर व्होल्टेज 13.8 च्या वर जाऊ देऊ नका.

लिपोचे उलटे. तो पूर्ण भरून ठेवला तर बिघडतो, सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवावा. चार्ज करताना बॅलन्स चार्जरच वापरावा, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवावा आणि जवळ कोणीतरी जागे असावे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कोणतीच बॅटरी ठेवू नये. उष्णतेने लेड-ॲसिडचे आयुष्य झपाट्याने घटते आणि लिपोपासून जीवाला धोका असतो. संपलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. लेड-ॲसिड विक्रेत्याकडे परत द्या. लिथियम पॅक ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

निर्णय घेताना

आधी इंजिन पाहा. पाव घनइंचापर्यंतच्या इंजिनाला कोणतीही ठणठणीत 12 व्होल्टची बॅटरी चालते. 40 ते 60 च्या इंजिनाला चांगली 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी, बाइकची बॅटरी किंवा तीन सेलचा दमदार लिपो. त्याहून मोठ्याला आधी योग्य स्टार्टर, मग त्याला साजेशी बॅटरी. एकट्याने उडवणाऱ्याने, ज्याच्याकडे बॅलन्स चार्जर आधीच आहे, लिपो घ्यावा. जिथे अनेक मुलांचे हात लागणार आहेत तिथे लेड-ॲसिड किंवा आयर्न फॉस्फेटच ठेवावी, कारण तिथे शेवटचा पॅक कोणी उपसला हे कधीच कळत नाही.

पैसे मोजके असतील तर ते या क्रमाने खर्च करा: आधी जाड वायर आणि पक्के कनेक्टर, मग वेगळी ग्लो स्टिक, मग नवी बॅटरी, आणि सर्वांत शेवटी नवा स्टार्टर. नव्या बॅटरीच्या अंगावर खरेदीची तारीख आणि पहिल्या बल्ब चाचणीचा उतार मार्करने लिहून ठेवा, आणि दर हंगामाच्या सुरुवातीला तोच बल्ब लावून आकडा पडताळा. उतार तिप्पट झाला की, व्होल्टेज कितीही छान दिसत असले तरी, ती बॅटरी स्टार्टरवरून काढून इमर्जन्सी लाइटला द्या. तिथे ती आणखी काही काळ उपयोगी पडेल, आणि मैदानावरची सकाळ इंजिनाशी झगडण्यात न जाता विमान उडवण्यात जाईल.